चित्रातला वान्नी

लापो चिताऱ्याची बायको नेंचा हिच्याबद्दल या वहीत आजवर मी फुटकळच लिहिलं आहे. अमक्या शनिवारी अंडी देऊन गेली, तमक्या सणाला तिचा पाय मुरगळला, एवढंच. आज तिचं सगळं एका जागी लिहून काढते. गेले चार दिवस दुसरं काही लिहायला घेतलं तरी मन तिच्याचपाशी जातं, मग तेच लिहिलेलं बरं.

नेंचा प्रातोकडच्या एका विणकराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न होऊन फ्लोरेन्सला, नदीपलीकडच्या आमच्या रस्त्यावर आली. लापो काही मोठा चितारी नव्हे. देवळाच्या भिंती त्याला कोणी रंगवायला देत नाही. तो घरात टांगायची चित्रं करतो, हातभर उंचीच्या फळीवर मांडीवर बाळ घेतलेली देवमाता. आमच्याकडे मुलीच्या लग्नात चादरी आणि अभ्रे जसे लागतात तशी ही एक देवमाताही लागतेच, पलंगाच्या वर टांगायला. त्यामुळे लापोचं दुकान कधी रिकामं नसायचं.

दुकानातलं निम्मं काम नेंचाचं. रंग वाटायचे, फळीला सरस लावायचा, अंडी फोडून बलक वेगळा करायचा. कोंबड्याही तिच्याच, मागच्या अंगणात. त्यातही पुन्हा भेद असतो. खेड्यातल्या कोंबडीचा बलक लालसर, तो म्हाताऱ्या संतांच्या चेहऱ्याला. शहरातल्या कोंबडीचा फिका, त्यात कालवलेला रंग माउलीला आणि बाळाला. "योसेफबाबाला काय, कसलंही अंडं चालतं," ती म्हणायची. "सुतार माणूस, उन्हात रापलेला. नखरे सगळे आईलेकरांचे."

लग्नानंतर सहा वर्षांनी तिला वान्नी झाला. तोवर रस्त्यावरच्या बायका तिला जत्रेतले ताईत आणि नवससायास सुचवून दमल्या होत्या. तो झाल्यावर तिनं वेगळंच केलं. त्याला दूधआईकडे पाठवलं नाही, स्वतःच पाजायला लागली. आमच्यात हे गरिबातले गरीब सोडले तर कोणी करत नाही. मूल आठवड्याभराचं झालं की डोंगराकडच्या गावातल्या एखाद्या बाईकडे जातं आणि दुडूदुडू चालायला लागलं की परत येतं. माझ्या तिन्ही मुली तशाच वाढल्या. पलीकडची चेका तर नेंचाला तोंडावर म्हणाली, "काय गं, स्वतःच्याच पोराची दूधआई झालीस? मग नवऱ्याकडून पगार नि नवी चोळी घे."

"आधी चोळीची गाठ सोडायला उसंत मिळू दे," नेंचा म्हणाली. "हा पोरगा दिवसभर लटकलेलाच असतो."

त्याच सुमारास माझं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं, आणि माझ्या यजमानांनी, बार्तोलोंनी, लापोला एक देवमाता करायला सांगितली. बाळ काढायला लापोला बाहेर जायची गरज नव्हती. त्यानं नेंचाला खिडकीपाशी बसवलं, मांडीवर वान्नीला उभं केलं आणि कागदावर उतरवून घेतलं. वान्नी आठ महिन्यांचा. त्याचा एक कान वरच्या बाजूला दुमडलेला होता, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तसा. खालचा ओठ आत ओढून बसायची त्याला सवय. आणि समोर बघेल तर शपथ. अंगणातून कोंबडीचा आवाज आला की डोळे तिकडे. लापोनं जसं दिसलं तसं काढलं. तोंड समोर, दोन्ही कान दिसताहेत, डोळे मात्र बाजूला.

चित्र आमच्या घरी आलं तेव्हा फादर सिमोने, आमचे धर्मगुरू, आशीर्वाद द्यायला आले होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बाळाची नजर बघा. पुढं येणारा क्रूस त्याला आत्तापासून दिसतोय."

नेंचा फळी पुसायचं फडकं हातात घेऊन दारात उभी होती. "कोंबडी दिसत्ये त्याला, फादर," ती म्हणाली. बार्तोलोंना हसू आवरेना. फादर सिमोनेही हसले. त्यानंतर मात्र ते जेव्हा कधी आमच्याकडे आले तेव्हा क्रूसाचंच बोलले.

चित्र टांगून महिना झाला नसेल, नेंचाला पुन्हा दिवस गेले. गरोदर बाईचं दूध अंगावरच्या मुलाला विषासारखं असतं हे आम्हाला लहानपणापासून माहीत. दाईनं सांगितलं, लापोच्या आईनं सांगितलं, मीही सांगितलं. मी तर तिला एक चांगली दूधआई शोधून दिली, मुजेल्लोच्या डोंगरातली, माझ्या मधल्या जावेची मुलं जिच्याकडे होती तीच. वान्नीला पट्ट्यांत गुंडाळून, वर पिवळी टोपी घालून, खेचरावरच्या टोपलीत ठेवून नेलं. नेंचा नगराच्या वेशीपर्यंत मागोमाग गेली होती.

पोटातलं तिसऱ्या महिन्यात पडलं. ती अंथरुणावर असतानाच त्या दूधआईचा नवरा बाजाराच्या दिवशी पनीर विकायला शहरात आला आणि लापोच्या दुकानात शिरला. मी नेंचाजवळ बसले होते, आतल्या खोलीत. त्यानं धुऊन घडी केलेल्या पट्ट्या बाकावर ठेवल्या. ताप आला, म्हणाला. दोन दिवस होता. पुरून नऊ दिवस झाले, मध्ये बर्फ पडलं म्हणून येता आलं नाही. लापोनं त्याला बसा म्हटलं, वाइन दिली.

नेंचानं आतूनच विचारलं, "डोक्याला टोपी होती का त्याच्या?"

"होती," तो माणूस म्हणाला.

"पिवळी?"

"होती कुठलीतरी, बाई."

ईस्टरनंतर दोघं तिकडे जाऊन आली. देवळाच्या भिंतीलगत लहान मुलांना पुरतात, एका ओळीत, वर खूण काही नाही. त्या हिवाळ्यात सात गेली होती. कुठलं कोणाचं ते तिथल्या धर्मगुरूंनाही सांगता आलं नाही. नेंचाला त्यानंतर मूल झालं नाही.

आता लापोच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. एकदा काढलेली आकृती चितारी फुकट घालवत नाही. कागदावरच्या रेषांवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, तो कागद नव्या फळीवर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. फळीवर ठिपके उमटतात, ते जोडले की तीच आकृती. आमचं चित्र रस्त्यावर सगळ्यांना आवडलं होतं. लापोकडे तसंच हवं म्हणून लोक येऊ लागले. पुरचुंडी आपटायचं काम नेंचाचं. आधी भोकं पाडलीही तिनंच होती, वान्नी घरात असताना. आता दर आठवड्याला ती त्याला कोळशाच्या ठिपक्यांत काढायची.

मी एकदा विचारलं, "नेंचा, तुला हे करवतं कसं? लापोला सांग, दुसरी आकृती घे."

"राहू दे," ती म्हणाली. "एरवी कुठं भेटतो मला?"

पण तेही टिकलं नाही. पहिली सहा-सात चित्रं गावाबाहेर गेली, पिसाला, कुठं लियोंला. मग एका मोठ्या घरच्या बाईनं तयार झालेलं चित्र परत पाठवलं. देवाच्या पुत्राचा कान मुडपलेला असतो का, लोक काय म्हणतील. भोकं मोठी होऊन कागद तसाही फाटायला आला होता. लापोनं जुना टाकून नवा कागद केला आणि कान सरळ केला, परत आलेल्या चित्रातलाही. पुढच्या कोणाला बाळानं आपल्याकडे बघायला हवं होतं, म्हणून डोळे समोर आले. कोणाला त्यानं हात उचलून आशीर्वाद द्यायला हवा होता. कधी पलंग उजवीकडे म्हणून कागद उलटा करून लावला. दहा वर्षांत लापोचं बाळ दुसऱ्याच कोणाचं तरी झालं. गुबगुबीत, देखणं, आणि कुठल्याही घरात चालेल असं.

वान्नी उरला तो फक्त आमच्या पलंगाच्या वर.

म्हणूनच कान सरळ झाला तेव्हापासून नेंचा दर शनिवारी यायची. शनिवार माउलीचा वार, त्या दिवशी मी चित्रापुढे दिवा लावते आणि गुडघे टेकते. ती टोपलीतून चार अंडी काढून स्वयंपाकघरात ठेवायची आणि माझ्या मागं येऊन उभी राहायची. बसायची नाही, गुडघे टेकायची नाही. बघायची. माझी प्रार्थना संपेपर्यंत बघायची आणि निघून जायची. बावीस वर्षं. महापूर आला त्या आठवड्यातसुद्धा फळ्यांवरून आली होती.

मला ते कधीकधी खुपायचं. देवाच्या आईसमोर उभं राहायचं आणि ओठ हलवायचे नाहीत, हे कसं? एकदा मी म्हटलंच, "अगं, एक तरी नमो मरिया म्हण. ती काय म्हणेल?"

"तिच्याशी माझं बोलणं नाही, मोन्ना," नेंचा म्हणाली. बाईसाहेब म्हणावं तसं ती मला मोन्ना म्हणते. "तिचा तिला तिसऱ्या दिवशी परत मिळाला."

मी क्रूसाची खूण केली आणि तिला गप्प केलं. नुसतं ऐकलं म्हणूनही मी त्या आठवड्यात एक दिवस उपास केला. पण तिला येऊ नको असं कधी म्हटलं नाही, हे देवाला ठाऊक आहे.

या वर्षी मेणबत्त्यांच्या सणाला, माउली चाळीस दिवसांच्या बाळाला घेऊन देवळात गेली त्या दिवशी, प्रार्थनेची पाळी आमच्या घरी होती. रस्त्यावरच्या सगळ्या बायका येणार. आदल्या दिवशी आमचं मोठं धुणं निघालं होतं. चादरींवर ओतून उरलेली राखेची निवळी घमेल्यात होती, कोमट. मी पलंगावरून हात फिरवताना वर बघितलं. बावीस वर्षांचा दिव्याचा धूर. बाळाचा चेहरा तर दिव्याच्या अगदी वर, चुलीमागच्या भिंतीसारखा झालेला. उद्या बायका येतील आणि म्हणतील, दिआनोराच्या चादरी पांढऱ्या आणि देव काळा.

मी मऊ फडकं निवळीत बुडवलं. बाळापासून सुरुवात केली. काजळी अशी निघाली की मला आनंद झाला. गाल उजळला. मी प्रार्थना म्हणत म्हणत पुसत होते, देवाचं काम म्हणून जरा जोर लावून. फडकं उलटं केलं तेव्हा त्यावर गुलाबी होतं. मला वाटलं, धूरच असा निघतोय. पुन्हा बुडवलं, पुन्हा पुसलं, मग मागं सरून बघितलं.

बाळाचा चेहरा हिरवा झाला होता. नदीतून काढलेल्या माणसाचा असतो तसा. डोळे, ओठ सगळं सपाट. कानांच्या जागी दोन हिरवे डाग. आणि ज्या आईनं त्याला धरलं होतं तिला मी अजून हात लावला नव्हता, ती धुराखाली होती तशीच, गुलाबी, किंचित हसणारी.

बार्तोलो आले, बघितलं, कपाळाला हात लावला. "झाकून ठेव," म्हणाले. "नेंचानं विचारलं तर सांग, मठातल्या बहिणींना काही दिवस दिलंय."

"मठातल्या बहिणींच्या नावानं खोटं बोलू?"

"मग खरं बोल. बघ जमतं का."

सणाला मी चित्रावर किनारीचं कापड टांगलं. बायकांना वाटलं, शोभा. शनिवारी नेंचा आली तेव्हा मी दारातच म्हणाले, आज नको, खोली झाडायची आहे. पुढच्या शनिवारी म्हणाले, बार्तोलो निजलेत, अंगात कणकण आहे. ती बघत राहिली. मागून बार्तोलो स्वयंपाकघरात शेंगांवरून मोलकरणीला ओरडत होते. नेंचानं अंडी माझ्या हातात दिली आणि गेली. तिसऱ्या शनिवारी मी तिला आत नेलं आणि कापड काढलं.

ती नेहमीसारखी उभी राहिली. मग पलंगाच्या कडेवर बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"हिरवी माती आहे ही," ती म्हणाली. "चेहऱ्याखाली आधी हीच लावतात, मोन्ना. वर गुलाबी चढवला की माणूस जिवंत दिसतो. ही मीच वाटलेली. तीन दिवस वाटली होती, खरखर राहू नये म्हणून." 

"मला माहीत नव्हतं गं."

"तुम्हाला कसं असणार? कशानं पुसलंत?"

"राखेच्या निवळीनं."

"तिनं तर रंगाऱ्याच्या हाताची कातडी निघते." ती पुढं झुकली. तिनं बोट उचललं, पण चित्राला लावलं नाही. "असाच दिसला असेल ना तो? शेवटी. मला कोणी दाखवलं नव्हतं."

मी तिचा खांदा धरला. "नको असं बोलू."

"टोपी नाही इथं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, एखादी बाई भाजीचं विचारते तसं तिनं विचारलं, "आईला का नाही धुतलंत?"

मी कापड पुन्हा चित्रावर टांगलं.

त्या संध्याकाळी मी लापोकडे गेले. आता तो साठीचा आहे, हात थोडा कापतो. दुसऱ्याच दिवशी अंडी, रंग कालवायच्या शिंपल्या, रंगाच्या पुड्या घेऊन आला आणि पलंगावर फळकूट टाकून बसला. दोन दिवस बसला. बाळाला पुन्हा गाल आले, ओठ आले, डोळे आले. चांगलं काम केलं त्यानं. मी बघायला गेले तेव्हा दोन्ही कान शिंपल्यासारखे गोल, सरळ.

"लापो, कान," मी म्हणाले.

"काय झालं कानाला?"

"वान्नीचा कान दुमडलेला होता ना."

त्यानं कुंचला शिंपलीत टेकवला. "होता का?" म्हणाला. मग म्हणाला, "हो. होता. काहीतरी होतं खरं." आणि फळीकडे असं बघायला लागला की मीच म्हटलं, राहू द्या, छान झालंय.

नेंचा ते बघायला आली नाही. शनिवारी अंडी शेजारच्या मोलकरणीबरोबर यायला लागली. उपासकाळ सुरू झाला तशी मी फादर सिमोनेंकडे पापकबुलीला गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"नाही."

"माउलीची मूर्ती किंवा चित्र स्वच्छ करणं हे पुण्याचं काम आहे. यात पाप कुठं आलं? दुसरं काही आहे का?"

दुसरं म्हणून मी मोलकरणीवर चिडल्याचं सांगितलं. त्याचं त्यांनी प्रायश्चित्त दिलं. ते मी तिथंच पुरं केलं, आणि देवळाच्या पायऱ्या उतरले ती थेट नेंचाच्या घरी गेले. या सोमवारची गोष्ट.

ती खिडकीपाशी बसून घेवडा निवडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "मला क्षमा कर."

"केली," ती म्हणाली. लगेच म्हणाली, मीठ मागितलं तर द्यावं तसं. "बसा ना, मोन्ना."

मी बसले. तिनं घेवड्याची टोपली माझ्यापुढं सरकवली, मीही निवडायला लागले. निवडता निवडता ती बोलली.

"डोळे मिटले की आता दोन येतात. एक हिरवा आणि एक लापोचा. माझा येत नाही. लापोला विचारलं, त्याला आठवत नाही. त्याचा दोष नाही, त्यानं शेकड्यांनी केलीत. मी मनाशी जुळवायला बसते. ओठ जुळतो. नजर जुळते. कानाशी आलं की अडतं. पूर्वी मला विचारच करावा लागला नव्हता, दर शनिवारी दिसायचाच." तिनं हातातला दाणा खाली ठेवला. "डावा होता की उजवा?"

मी तोंड उघडलं.

"तुम्ही सांगू शकाल," ती म्हणाली. "मी आठवड्यातून एकदा यायचे. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढं बसायचात. बावीस वर्षं."

मी आठवायला लागले. मला माउलीची पापणी आठवली, डोक्यावरच्या झिरझिरीत ओढणीची घडी, निळ्या वस्त्राची सोनेरी किनार एके ठिकाणी कुठं सुटलीय तेही आठवलं. हनुवटीखालची सावली आठवली. तिच्या हातात काहीतरी होतं, ते बाळ होतं. त्याला दुमडलेला कान होता हे मला माहीत होतं, कारण नेंचानं सांगितलं होतं. मी डोळे मिटून पुन्हा बघितलं. रोज मी जिच्याशी बोलत होते तिच्याकडेच बघत होते. मुलाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

नेंचा वाट बघत होती.

"डावा," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"बरं," ती म्हणाली, आणि टोपली आपल्याकडे ओढून घेतली.